मोळी वाहणारी पाठ आणि जिममधली पाठ

प्रश्न : मी तलासरी तालुक्यातला, वय 22. उंबरगावच्या जीआयडीसीत पॅकिंगला आहे. नुकतीच जिम लावली आहे, पाठ बनवायची आहे. पण आई म्हणते, ‘मी जन्मभर मोळ्या वाहिल्या, हंडे वाहिले. वजन उचलून पाठ बनत असती तर माझी कधीच बनली असती. माझी तर दुखतेच आहे.’ मला उत्तर सुचलं नाही. वजन इथेही, तिथेही. मग एकाची पाठ बनते आणि दुसऱ्याची झिजते, हे कसं?

उत्तर : तुमची आई बरोबर बोलते आहे आणि जिममधले सरही खोटं सांगत नाहीत. दोघांच्या म्हणण्याचा मेळ असा बसतो : स्नायू वजन उचलताना वाढत नाही, उचलून झाल्यावर खाताना-झोपताना वाढतो. आज होती तेवढी ताकद कमी पडली, हे शरीराला कळवणं एवढंच वजनाचं काम. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. वजन योग्य त्या स्नायूवर यायला हवं, ते बेताबेताने वाढायला हवं आणि पुढच्या खेपेआधी शरीराला भरून यायला सवड हवी. मोळीच्या वाटेवर या तिन्हींतली एकही गोष्ट बाईच्या हातात नसते.

वजन कुठे येतं ते आधी पाहू. पाठ हा काही एकच स्नायू नव्हे. कमरेपासून निघून काखेतून दंडाच्या हाडाला जाऊन चिकटणारा रुंद स्नायू म्हणजे लॅटिसिमस डॉर्सी, जिमच्या बोलीत ‘लॅट्स’. वर गेलेला हात खाली आणि मागे ओढणं हे त्याचं काम. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत ट्रॅपेझियस असतो. त्याच्या खाली, दोन्ही फऱ्यांच्या मधे, रॉम्बॉइड असतात. ते फरे मागे खेचून धरतात. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी उभे गेलेले स्नायू म्हणजे इरेक्टर स्पायनी. ते पाठ ताठ ठेवतात.

आता डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर मोळी. तिचा भार मानेच्या मणक्यांवरून सरळ खाली कमरेपर्यंत उतरतो. हाडं आणि मणक्यांमधल्या गाद्या दाबल्या जातात, स्नायू मात्र मुख्यतः तोल सांभाळतात. हात वर मोळीला टेकलेला असतो, पण तो काही ओढत नसतो, त्यामुळे लॅट्सना काम जवळजवळ नाहीच. शिवाय वर्षानुवर्षांच्या सवयीने चाल इतकी सफाईदार होते की ओझं शरीराला स्वस्तात पडू लागतं. केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांवर झालेला एक अभ्यास 1986 साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचं ओझं त्या डोक्यावर किंवा कपाळावरच्या पट्ट्याच्या आधाराने पाठीवर वाहत, तेव्हा त्यांना रिकाम्या चालीपेक्षा जास्त ऊर्जा लागत नव्हती. कौशल्य म्हणून ही थक्क करणारी गोष्ट आहे. पण जे काम शरीराला स्वस्तात जमतं, त्यासाठी ते नवा स्नायू बांधायला घेत नाही. मणक्यांवरचा दाब मात्र या काटकसरीने कमी होत नाही.

आवणीचं गणित आणखी वेगळं. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्याची कमर पोलादी व्हायला हवी, असं कुणालाही वाटेल. पण पूर्ण वाकल्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडते. फ्लॉइड आणि सिल्व्हर या लंडनच्या संशोधकांनी 1950 च्या दशकात पाठीवर विद्युतअग्रं लावून ती नोंदवली. माणूस खाली वाकत जातो तसे मणक्याजवळचे स्नायू जोराने काम करतात. पूर्ण वाकला की मात्र ते जवळपास गप्प होतात आणि सगळा भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर जातो. म्हणजे आवणीत तासन्‌तास कमरेचा स्नायू बराचसा स्वस्थ असतो आणि ताणले जातात ते अस्थिबंध. ते एकदा ताणले की लगेच मूळ लांबीवर येत नाहीत. म्हणून बराच वेळ वाकून काम केल्यावर उठून तडक रोपांचा भारा उचलणं धोक्याचं. आधी दोन-तीन मिनिटं सरळ उभं राहावं, थोडं चालावं, मग भाऱ्याला हात घालावा.

आता वजन बेताबेताने वाढवण्याची गोष्ट, म्हणजे मोजमापाची. दुसऱ्या महायुद्धात गुडघे निकामी झालेले अमेरिकन सैनिक शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात पडून होते. हलकं वजन असंख्य वेळा हलवायला लावायचं, अशी तेव्हाची उपचाराची रीत होती. त्याने दम वाढायचा, ताकद येत नसे. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरला स्वतःला वजनं उचलण्याचा नाद होता. त्याने रीत उलटी केली : प्रत्येकाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल असं वजन शोधायचं, तेवढंच द्यायचं, ते जमलं की पुढच्या आठवड्यात वाढवायचं. त्याचा निबंध 1945 मध्ये छापून आला. आज जगभरच्या जिममध्ये दहाचे तीन सेट मारतात, त्याचं मूळ डीलॉर्म आणि त्याचा सहकारी वॉटकिन्स यांनी 1948 मध्ये सुधारून मांडलेल्या पद्धतीत आहे.

त्याच 1945 साली तुमच्या तालुक्यातही ओझ्याचाच प्रश्न धसाला लागला होता. 23 मे रोजी झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि कार्यकर्ते शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठ, म्हणजे जमीनदाराची बिनमोबदला सक्तीची मजुरी, करायला नकार दिला. पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा संप झाला. त्यातली मागणी आकड्यांत होती : पाचशे पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या आसपास, गवतामागे अडीच रुपये. वेठीत वजन किती, खेपा किती, थांबायचं कधी, हे सगळं जमीनदार ठरवायचा. डीलॉर्मच्या खोलीत तेच मोजून-मापून ठरत होतं, आणि तेही उचलणाऱ्याच्या कुवतीवरून. म्हणून तिथे पाय सुधारले आणि इथे पाठी मोडल्या. आज वेठ नाही. पण तुमच्या आईचा हंडा किती भरायचा हे अजूनही पाण्याचं अंतर ठरवतं आणि मोळी केवढी बांधायची हे चूल ठरवते. तिच्या पाठीला काय हवं, हे त्यात कुणी विचारत नाही.

प्रश्न : पाळी बदलली की जिमला जाणं होत नाही. घरच्या घरी पाठीचा व्यायाम होईल का?

उत्तर : छान होईल. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन एवढी सामग्री पुरे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे यापेक्षा सोयीचं डंबेल बाजारात मिळायचं नाही. कॅनवर मार्करने लिटरच्या खुणा करून ठेवा. आठवड्यातून दोनदा व्यायाम करा आणि मधे किमान दोन दिवस जाऊ द्या.

पहिला व्यायाम कमरेची घडी. झाडूचा दांडा पाठीला उभा लावा, एक हात मानेमागे आणि एक कमरेमागे घेऊन तो धरा. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे : डोक्याच्या मागे, दोन फऱ्यांच्या मधे आणि माकडहाडाच्या वर. आता गुडघे किंचित सैल सोडून ढुंगण मागे ढकला, मागची भिंत ढुंगणाने शिवायची आहे असं समजून. छाती आपोआप पुढे झुकेल. तिन्हींतली एक जागा सुटली की पाठ वाकली, तिथेच थांबा. हे दांड्याशिवाय बिनचूक जमू लागलं की दोन्ही हातांत वीस लिटरचा कॅन धरून तेच करा, पाणी सुरुवातीला अर्ध्याहून कमी. मांडीच्या मागची बाजू आणि ढुंगण ताणल्यासारखं वाटलं तर ठीक चाललं आहे. कमरेत कळ आली तर वजन कमी करा. आठ ते दहाचे तीन सेट.

दुसरा व्यायाम एका हाताने ओढण्याचा. डावा हात आणि डावा गुडघा बाकावर टेकवा, पाठ जमिनीला समांतर ठेवा, उजव्या हातात कॅन लोंबू द्या. आता कोपर खिशाच्या दिशेने मागे खेचा. बहुतेक जण इथे कॅन छातीकडे उचलतात आणि सगळं काम दंडाला देऊन बसतात. आधी फरा मणक्याकडे सरकवायचा, मग कोपर वाकवायचं. वर क्षणभर थांबून तीन मोजत खाली सोडा. प्रत्येक बाजूला दहाचे तीन सेट.

तिसरा व्यायाम लटकण्याचा. शाळेच्या मैदानावर सिंगल बार असेल तर सोन्याहून पिवळं. पुल-अप येत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर आणा, पाय सोडा आणि पाच मोजत खाली या. खाली येतानाही स्नायू ताणाखाली काम करतो आणि वर जाण्याची ताकद त्यातूनच येते. अशा पाच-सहा खेपा पुरेत. फांदीला लटकणार असाल तर ती आधी नीट जोखून घ्या आणि पावसाळ्यात तो नाद सोडा.

चौथा व्यायाम दिसायला सोपा : ओणवं होऊन हात-गुडघ्यांवर यायचं, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करून दहा सेकंद धरायचं, मग बाजू बदलायची. याला बर्ड-डॉग म्हणतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात अनेक वर्षं काम केलेले मणकातज्ज्ञ स्टुअर्ट मॅकगिल यांनी कमरेसाठी निवडलेल्या तीन व्यायामांत तो आहे. मणक्यावर फार दाब न आणता तो पाठीला स्थिर राहायला शिकवतो.

सगळ्या सेटमध्ये बारा-बारा खेपा सफाईने जमल्या की कॅनमध्ये एक लिटर वाढवा. त्याआधी नको. पहिल्या काही आठवड्यांत वजन भराभर वाढेल, पण आरशात काही दिसणार नाही. ती वाढ मेंदू आणि नसा स्नायूला अधिक चांगलं कामाला लावायला शिकतात त्याची असते. दिसण्याजोगा फरक पडायला दोन-तीन महिने लागतात.

प्रश्न : आमचे आजोबा फक्त जोर-बैठका सांगायचे. जोर मारून पाठ बनत नाही का?

उत्तर : जोर हा मुख्यतः ढकलण्याचा व्यायाम. त्यात छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू खपते, पाठ ताणली जाते आणि मोकळी होते. बैठकांनी मांड्या बनतात. ओढण्याचं काम या जोडीत कमी पडतं. जुन्या तालमींना हे ठाऊक असावं, कारण तिथे चढायला दोर असे, मल्लखांब असे आणि अंगाला अंग भिडवून ओढाओढ करायची कुस्ती तर असेच. मल्लखांबाचं श्रेय ज्यांना देतात ते बाळंभट्टदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. दोन्ही हातांनी आपलंच अंग वर खेचायला लावणारा मल्लखांबाच्या तोडीचा देशी व्यायाम शोधून सापडणार नाही. आजोबांचे जोर चालू ठेवा. फक्त जितक्या खेपा ढकलण्याच्या, किमान तितक्याच ओढण्याच्या करा, नाहीतर खांदे पुढे झुकतात. पॅकिंगच्या कामात ते तसेही झुकलेलेच असतात.

प्रश्न : (धाकटी डहाणूहून) वडिलांनी हातांनी जाळी ओढली. त्यांची पाठ साठीतही रुंद आहे. मी त्याच धंद्यात आहे, पण ओढायला यंत्र आलं. माझी पाठ तशी का नाही?

उत्तर : वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी तुमच्या वडिलांना मिळाल्या. पाय होडीच्या काठाला रोवून, अंग मागे टाकून जाळं हातावर हात घेत ओढणं म्हणजे लॅट्स आणि रॉम्बॉइड यांनाच थेट काम. मासळी कमी-जास्त निघे, तसं वजनही बदले. आणि विश्रांती समुद्रच देत असे : डोल जाळी प्रवाहाच्या जोरावर भरते आणि पाणी मंदावलं की ओढतात, म्हणून दोन ओढींच्या मधे काही तासांची उसंत ठरलेली. खायला घरचीच मासळी.

यंत्राला दोष देऊ नका, त्याने पुष्कळांच्या कमरा वाचवल्या आहेत. गेलेलं काम परत हवं असेल तर जुना टायर जाड दोराला बांधा, वाळूवर वीस पावलांवर ठेवा आणि गुडघ्यात किंचित वाकून हातावर हात घेत तो स्वतःकडे ओढा. टायर पोचला की चालत जाऊन पुन्हा लांब ठेवा, तेवढीच विश्रांती. पाच-सहा वेळा. अंग पिळवटून एका बाजूला झटके मात्र देऊ नका, ओल्या होडीत कमर धरते ती बहुधा त्यानेच.

प्रश्न : पाठ किती तयार आहे, हे तपासायची काही रीत?

उत्तर : बिअरिंग-सोरेन्सन या डॅनिश संशोधकाची 1984 सालची चाचणी प्रसिद्ध आहे. पलंगाच्या कडेला कमरेपर्यंतचं अंग बाहेर ठेवून पालथं झोपायचं, दुसऱ्याने पाय घट्ट धरायचे आणि हात छातीवर बांधून अंग जमिनीला समांतर धरून ठेवायचं. किती वेळ जमतं ते घड्याळावर पाहायचं. ज्या पुरुषांना जास्त वेळ धरता आलं, त्यांना पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे कमरेच्या बाबतीत एकदाच किती उचललं यापेक्षा किती वेळ तग धरला याला महत्त्व. आठ-आठ तास उभ्याने पेट्या भरणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आधीच कंबर दुखत असेल तर ही चाचणी करू नका.

प्रश्न : प्रोटीनचा डबा परवडत नाही. मग काय खावं?

उत्तर : डब्यावाचून काही अडत नाही. व्यायाम करणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 96 ग्रॅम. सुक्या बोंबलात दर शंभर ग्रॅममागे साठाच्या आसपास प्रथिनं असतात, आणि ते वाळवायच्या वलांड्या तुमच्याकडे किनाऱ्याला हव्या तितक्या. एका अंड्यात सहा ग्रॅम. तूर, वाल, उडीद, चणे यांत शंभराला वीस ते पंचवीस. नागलीची भाकरी चांगलीच, पण तिच्यात प्रथिनं बेताची, तिच्याबरोबर डाळ किंवा मासळी हवी. भातावर नुसतं पातळ कालवण घेऊन व्यायाम केला तर वजन उचललं जाईल, पाठ बनणार नाही. आणि रात्रपाळीनंतर दिवसा झोप पुरी झाली नसेल तर त्या दिवशीचा व्यायाम दुसऱ्या दिवशी ढकला.

प्रश्न : कुणी जपून राहावं?

उत्तर : तुमच्या भागापुरती एक गोष्ट आधी सांगतो. पालघरच्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. रक्ताची तपासणी झाली नसेल तर व्यायामाला लागण्याआधी सरकारी दवाखान्यात करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा व्यायाम करू नये. नुसत्या वाहकाला व्यायामाची बंदी नाही, पण उन्हात, पाणी न पिता, पहिल्याच दिवशी जीव तोडून करणं त्याच्या अंगाशी येऊ शकतं. त्याने सकाळी लवकर, सावकाश, अधूनमधून थांबत आणि पाणी पीत करावं.

कळ कमरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलत नसेल, तर व्यायाम थांबवून डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचं ग्रामीण रुग्णालय गाठा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी जा. आठवडेच्या आठवडे पाठ दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटतं, अशी लक्षणं मणक्याच्या क्षयाची असू शकतात. ती मालिश आणि बामाने झाकत बसू नका, त्यावर औषध आहे.

प्रश्न : मग आईला कोणता व्यायाम सांगू?

उत्तर : बर्ड-डॉग शिकवा आणि दांडा लावून कमरेची घडी शिकवा, म्हणजे हंडा जमिनीवरून उचलताना कंबर वाचेल. वजनाचा व्यायाम तिला आत्ता नको. तिच्या पाठीला वजन कमी पडलेलं नाही, विश्रांती कमी पडली आहे. मोळी एकदाच मोठी बांधण्यापेक्षा दोन लहान बांधलेल्या बऱ्या. दवाखान्यात जाल तेव्हा तिचं हिमोग्लोबिनही तपासून घ्या, कारण रक्त कमी असेल तर कुठल्याच व्यायामाने थकवा जाणार नाही.

आणि एक व्यायाम तुमच्यासाठी राहिला. दोन्ही हातांत सारख्या वजनाचे कॅन घेऊन ताठ मानेने चालायचं, फरे मागे आणि पावलं लहान. जिममध्ये याला फार्मर्स वॉक म्हणतात. ट्रॅपेझियस, पकड आणि कंबर तिघांनाही त्यात काम मिळतं. पाणवठ्यापासून घरापर्यंतचं अंतर त्याला उत्तम. सुट्टीच्या दिवशी घरचं पाणी तुम्हीच भरा. तुमच्या पाठीला वजन मिळेल, आईच्या पाठीला सुट्टी मिळेल, आणि त्या दिवशी जिम बुडाली तरी हरकत नाही.